त्याच्या नावाने माझा शब्द

आत्याचं पडद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे शिलाईची खोली आणि वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची भाची. आई-वडील गेल्यावर भाची बाराव्या वर्षी आत्याकडे आली आणि तिथलीच झाली. अंगाने काटकुळी, बोलायला टोकदार, म्हणून आत्याने तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. आता ती चोवीस वर्षांची होती. खिडक्यांची मापं घेणं, शिडीवर चढून दांडे बसवणं, जाड कापडाला चुण्या घालणं, सगळं तीच करायची.

दर गुरुवारी दुपारी चर्चमधल्या बायका शिलाईच्या खोलीत प्रार्थनेला जमत. खुर्च्या चारच, बाकीच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसत. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी आत्या प्रार्थना मध्येच थांबवून कोपऱ्यातल्या बाईला म्हणाली होती, "तू आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा." त्या बाईचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तेव्हापासून आत्याला प्रभूचा आवाज कळतो, असं सगळीकडे झालं. बायका मुलीच्या स्थळाबद्दल विचारायच्या, घर बदलण्याबद्दल विचारायच्या. एकीने तर स्कूटर निळी घ्यावी की लाल, हेही विचारलं. आत्या हसली, पण "निळी" म्हणालीच.

टाचणीला पत्र आलं ते वसंताच्या सुरुवातीला. दुसऱ्या शहरात कृत्रिम हातपाय बनवणारी एक कार्यशाळा होती. तिथे पट्टे आणि आतली मऊ गादी शिवायला माणसं हवी होती. वर्षभर शिकवणार आणि मग नोकरी देणार. टाचणीने गुपचूप अर्ज केला होता, सोबत शिवणकामाचा नमुनाही पाठवला होता. पत्र टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आत्या, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तू प्रार्थना कर. तू जा म्हणालीस तर जाईन."

आत्याने तीन सकाळी प्रार्थना केली. तिन्ही वेळा छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी टाचणीचा हात हातात घेऊन, डोळे मिटून ती म्हणाली, "मला शांती मिळत नाही गं. प्रभू थांब म्हणतोय."

टाचणीने आलेल्या पत्राची घडी घातली. मग तिने नकाराचं पत्र लिहिलं आणि स्वतःच टपालपेटीत टाकून आली. पुढच्या गुरुवारी आत्याने बायकांना कौतुकाने सांगितलं, "आज्ञाधारकपणा शिकावा तर आमच्या टाचणीकडून." टाचणी मान खाली घालून पडद्याला कड्या लावत होती.

तीन आठवडे गेले. एका सकाळी बेकरीवाली आली, पिठाचे हात तसेच घेऊन. तिच्या मुलाला जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. आठ-आठ महिने घरी येणं नाही. ती रडत म्हणाली, "आत्या, प्रभू काय म्हणतो ते सांगा हो. मला तर काही सुचत नाही."

आत्या खडूने कापडावर खुणा करत होती. मान वरही न करता म्हणाली, "अगं, जाऊ दे त्याला. लेकरं काय पदराला गाठ मारून ठेवायची असतात? देवाने दिली, देव सांभाळील."

मागे टाचणीचं मशीन चालू होतं. ते थांबलं. दोन श्वास होतील इतकाच वेळ. मग पुन्हा सुरू झालं.

बेकरीवाली डोळे पुसून हलकी होऊन गेली. आत्याने मागे वळून पाहिलं नाही. तिची हिंमत झाली नाही.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे पडदे लावायचे होते. आत्या मुद्दाम एकटी गेली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून तिला पुढे चढवेना. ती तशीच दांडा धरून उभी राहिली आणि त्या तीन सकाळी तिला आठवल्या. गुडघे टेकून ती प्रभूला विचारत होती खरी, पण मनात काय चाललं होतं? शिडीवर कोण चढणार, सुईत दोरा कोण ओवणार, जेवताना समोर कोण बसणार. तो दगड प्रभूने ठेवलेला नव्हताच. ती एकटेपणाची भीती होती आणि तिने त्या भीतीला प्रभूचं नाव दिलं होतं. अपेंडिक्सवाल्या बाईच्या वेळी असं काहीच झालं नव्हतं. तेव्हा तिने फक्त त्या बाईचा पिवळा पडलेला चेहरा नीट पाहिला होता. त्यात स्वतःचं काही नव्हतं.

"बाई, खाली या," म्हातारे शिक्षक म्हणाले. "पडदे उद्या लावा. मला कुठे कोण बघतंय?"

घरी येऊन तिने देवाची क्षमा मागितली. मागताना वाटलं, झालं, देवाशी मिटलं. टाचणीला कशाला सांगायचं, उगाच जखम उकरून. या समजुतीवर दोन दिवस निघाले. पण टाचणीने ताट पुढे केलं, दिवा लावला, "आत्या, औषध घेतलंस का" विचारलं की आत्या नजर दुसरीकडे वळवी. शेवटी तिसऱ्या दिवशी जेवताना तिने चमचा खाली ठेवला.

"टाचणी, मी तुला जे सांगितलं ना, ते प्रभूचं नव्हतं. माझं होतं. तू गेलीस तर माझं काय, या भीतीने मी बोलले. आणि नाव त्याचं घेतलं."

टाचणीने हळूच विचारलं, "मग मी नकार दिला तो कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"मला वाटलं होतं तसं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू डोळे मिटून बोललीस, आत्या. त्यावर माणसाने काय बोलायचं?"

ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर गेली. आत्याने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दोन तासांनी टाचणी परत आली. डोळे सुजलेले होते. दारातच उभी राहून म्हणाली, "तू सरळ म्हणाली असतीस ना, टाचणी, मला एकटं राहायची भीती वाटते, तर मी कदाचित थांबलेही असते. आनंदाने. आता मला तेही करता येत नाही."

 आत्याने नुसतं "हो" म्हटलं. टाचणी येऊन तिच्या शेजारी बसली. मग टाचणीनेच आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने कार्यशाळेला फोन लावला. तिथले व्यवस्थापक म्हणाले, जागा भरली. पुढची तुकडी सहा महिन्यांनी, आणि त्यासाठी चाचणी द्यावी लागेल.

"चूक तिची नव्हती हो, माझी होती," आत्या म्हणाली.

"बाई, अर्जात तसा रकाना नाही," व्यवस्थापक म्हणाले, पण आवाज कठोर नव्हता. "तिचे टाके मला आठवतात. पाठवा तिला."

गुरुवारी बायका जमल्या. आत्याने उभं राहून सगळं सांगितलं, आज्ञाधारकपणाचं कौतुक केलं होतं तेही.  मग एकीने घाबरत विचारलं, "आत्या, मग माझ्या मुलीच्या स्थळाबद्दल तुम्ही सांगितलंत ते?"

"तेही तपासून बघ," आत्या म्हणाली. "मुलाला भेट, त्याच्या घरच्यांना भेट. आणि मुलीला विचार. मी तिला विचारलं नव्हतं."

"आणि माझी स्कूटर?" दुसरी म्हणाली, तेव्हा दोघी-तिघींना हसू आलं.

बेकरीवाली हसली नाही. "माझा मुलगा तर गेला, आत्या. परवाच गेला."

"तुझ्या मुलाबद्दल मी प्रभूला विचारलंच नव्हतं. माझं काही जात नव्हतं, म्हणून पटकन बोलून गेले. मला माफ कर."

बेकरीवालीने पदर तोंडाशी नेला. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता तरी विचारू या. दोघी मिळून." त्या दिवशी सगळ्यांनी त्या मुलाचंच नाव घेऊन प्रार्थना केली.

त्यानंतर गुरुवारी येणाऱ्या चौदांच्या सहा झाल्या. काहींना देवाचा निरोप आयता हवा होता. त्या दुसरीकडे जाऊ लागल्या. आत्याला याचं वाईट वाटलं. थोडंफार नाही, बरंच वाटलं. ते तिने प्रार्थनेत लपवलं नाही.

शरदात टाचणी चाचणी पास झाली आणि गेली. शेजारची एक विधवा आता मशीनवर बसायला येऊ लागली; शिडीवर चढायला तिचा जावई रविवारी येई.

टाचणीचा फोन आला तो पंधराव्या दिवशी, संध्याकाळी. रडत होती. खोलीत कुणी बोलत नाही, चामडं शिवून बोटं सोलली, मास्तरीण सगळं उसवायला लावते. "मला परत यायचंय, आत्या. प्रभू काय म्हणतो, सांग ना."

'ये' हा शब्द आत्याच्या ओठांवर आला. तिने ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र मिटले नाहीत.

"टाचणी, तू परत यावीस असं मला फार वाटतं. आत्ता, याच बसने. म्हणून हे मला विचारू नकोस. माझा कान तुझ्या बाबतीत तिरका आहे. तिथल्या पाळकांच्या बायकोकडे जा, तिच्याबरोबर प्रार्थना कर. चार दिवस थांब. मग तुझं तू ठरव. आलीस तर दार उघडं आहे, आणि राहिलीस तरी मी रुसणार नाही."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "रुसशील," टाचणी म्हणाली.

"थोडीशी रुसेन," आत्याने कबूल केलं.

ते चार दिवस आत्याने प्रार्थनेत एकच म्हटलं, तिला तुझं ऐकू येऊ दे, मला गप्प राहू दे. पाचव्या दिवशी फोन आला. एका टपालवाल्याच्या कृत्रिम पायाचा पट्टा टाचणीने पहिल्यांदा एकटीने शिवला होता. मास्तरणीने तो उसवायला लावला नव्हता. तो पाय लावून टपालवाला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, आणि परत येऊन म्हणाला, जरा चावतो, पण चालेल. टाचणी तिथेच राहणार होती.

"बरं केलंस," आत्या म्हणाली. "आता सांग, कुठे चावतो म्हणाला तो?"

टाचणी सांगत राहिली, आणि आत्या खुर्ची ओढून ऐकत बसली.