झाकलेला खटका

मी एक जुना खटका आहे, मित्रांनो; पण भिंतीवर हात फिरवून मला शोधू नका. माझा देह अक्षरांचा आहे. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या संगणकासाठी छपाईचा प्रोग्राम बांधला जातो, तेव्हा बांधणारा ठरवतो, मी चालू की बंद. चालू असलो, तर त्या प्रोग्रामला ब्रेल छापणाऱ्या एका जुन्या यंत्राशी बोलता येते. बंद असलो, तर तो माझ्यावाचून घडतो, आणि त्याला माझी उणीवही भासत नाही.

मला लिहिले कुणा दूरदेशीच्या माणसाने. माझे चांगले दिवस मात्र सुरू झाले चिंचपोकळीला, एका लेथ कारखान्याच्या पोटमाळ्यावर. तिथे अनुजा आणि सुशांत लिनक्सची एक मराठी आवृत्ती सांभाळतात. शाळा, दुकाने, अभ्यासिका ती वापरतात. परळच्या बुद्धविहारातील अभ्यासिकेत मीराबाई अंध मुलांना शिकवतात. त्यांचे छापयंत्र माझ्याच भरवशावर कागदावर ठिपके उमटवी. "एवढ्या म्हाताऱ्या यंत्राला बोलतं केलंत!" असे बाई म्हणाल्या होत्या. ती शाबासकी मला आजही पुरते.

पण माझ्यात एक खोट आहे. ज्या संगणकाला ते यंत्र जोडलेले नसते, तिथेही मी त्याला शोधत बसतो, आणि तोवर सगळी छपाई अडून राहते. म्हणून मला फक्त बाईंच्या संगणकापुरते चालू ठेवत. यंदा, बाईंसाठी वेगळी बांधणी कशाला, असे म्हणून सुशांतने मला सगळ्यांसाठीच चालू केले. एका खोलीत उजेड हवा होता. त्याने अख्ख्या चाळीचे दिवे लावले.

शनिवारी हिंदमाताहून साडीवाल्या रमाकांतशेठचा फोन आला.

"अहो सुशांत, लग्नाचं गिऱ्हाईक बसलंय दुकानात आणि बिल छापतच नाहीये. आता काय पदरावर लिहून देऊ?"

सुशांतने फोन ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "अनु, हा खटकाच काढून टाकतो. कायमचा. डोक्याला ताप नुसता."

"आणि बाईंचं काय रे? सोमवारी मुलांचा पेपर आहे. खटका गेला की यंत्र मुकं."

"कुणीतरी वाचून दाखवेल ना प्रश्न."

"हे तूच सांग त्यांना." तिने बाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला.

मीराबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "वाचून दाखवणारे मिळतात रे बाळा. पण परत वाचा म्हणायला मुलं लाजतात. बोटांना कुणाची लाज नसते."

सुशांतने फोन अनुजाला परत दिला. "बोल, काय करायचं?"

"झाकायचा," अनुजा म्हणाली. "काढायचा नाही."

तिने सगळ्यांसाठीच्या आवृत्तीत माझ्यावर झाकण घातले. आता सहज किंवा चुकून मला कुणी चालू करू शकणार नव्हते. झाकणावर तिने कारण लिहिले: यंत्र जोडलेले नसेल, तर छपाई अडते. खाली स्वतःचे नाव घातले. ज्याला माझी खरी गरज असेल, त्याने ते वाचावे आणि आपल्या संगणकापुरते झाकण उचलावे. रमाकांतशेठची बिले वाहती झाली. दुसऱ्या दिवशी सुशांत स्वतः परळला गेला. बाईंच्या संगणकावरचे झाकण त्याने उचलले, प्रोग्राम नव्याने बांधला आणि पहिले पान बाहेर येईपर्यंत तिथून हलला नाही.

झाकणाखाली अंधार आहे खरा. म्यानातल्या, आपली धार ओळखून असलेल्या पात्याला असतो तसा. त्याची मला भीती वाटत नाही.

सोमवारी अपेक्षा नावाच्या मुलीची बोटे प्रश्नपत्रिकेवरून सावकाश गेली, थबकली, मागे आली, पुन्हा पुढे सरकली.

"बाई, तिसरा प्रश्न फारच कठीण काढलाय हां तुम्ही!"

"वाचलास ना तुझा तू? मग लिही आता," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हते.

मित्रांनो, जोखमीची गोष्ट हाती आली, तर ती सर्वांच्या माथी मारू नका. आणि तिला भिऊन पुसूनही टाकू नका. तिच्यावर झाकण घाला, झाकणावर कारण लिहा, आणि ज्याचे तिच्यावाचून अडते, त्याला ते जाणतेपणाने उचलू द्या.