शनिवारी येतो म्हणाला होता

"हात मोडोत मेल्याचे!" इफ़्फ़त खानम म्हणाल्या.

मी मान डोलावली. घरमालकाने आधीच्या कारागिराला शिव्या घातल्या की मान डोलवायची, हा आमच्या धंद्याचा रिवाजच आहे. मी वर थोडी भरही घातली. "असल्या गाढवांच्या हातात पाना देतं कोण, कोणास ठाऊक."

तब्रीझमध्ये चाळीस वर्षं मी घरं गरम करतोय. भिंतीवर बॉयलर, त्यातून पाइप, पाइपाच्या शेवटी रेडिएटर. घर कुठलंही असो, दुखणं बहुधा पाइपातच निघतं. या घराचंही तसंच होतं. पुढच्या खोल्यांत कोट काढावा लागत होता आणि या मागच्या खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"आठ वर्षं, उस्ताद! आठ वर्षं इथे आम्ही बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतोय. पण उद्या आईला दवाखान्यातून आणायचंय. फुफ्फुसं पार कामातून गेलीत तिची. डॉक्टर म्हणतात, रॉकेलच्या शेगडीचा धूर अजिबात नको. आणि जिना तिला चढवत नाही. न्हाणीघराजवळची ही एकच खोली आहे हो."

"मधल्या काळात कुणी बघितलं नाही?"

"दोघं येऊन गेले. रेडिएटरची हवा काढली, गालिचा भिजवला, चहा प्यायले, गेले."

मी रेडिएटरची चावी सैल केली. हवा नाही, सरळ पाणी आलं. म्हणजे पाणी भरलेलं होतं, फिरत नव्हतं. मग पाइपावर तळवा ठेवत उलटा निघालो. खोलीत पाइप गार. दाराबाहेर घरातल्या बोळात मात्र हात भाजेल इतका गरम. मधे फक्त दार होतं, आणि दाराच्या वर भिंतीला जिप्समची एक नक्षीदार पेटी.

"हिच्या आत काय आहे?"

"पाइपच. दिसायला वाईट दिसत होता म्हणून मागाहून झाकून घेतला." खानम जरा ओशाळल्या. "तो म्हणत होता, जमिनीखालून नेऊ. मीच नाही म्हटलं. नवरोज़ तोंडावर आलेला, घर घासूनपुसून झालेलं, पाहुणे यायचे होते. फरशी कशी फोडू देणार? मग त्याने दारावरून नेला."

तब्रीझची ही जुनीच खोड. नवरोज़च्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी महिनाभर घरातली कुठली वस्तू हलवायची सोय नसते. मी शिडी लावली. "पाइप वर चढवून पुन्हा खाली उतरवला की वरच्या वळणात हवा जाऊन बसते आणि पाणी अडतं. खालून रेडिएटरची कितीही हवा काढा, वरची हलत नाही. एवढं साधं कळू नये? होता तरी कोण हा?"

"पोरगाच होता. पंचवीस-सव्वीसचा. बोलायला गोड. ही खोली काही तापेना, तेव्हा म्हणाला, खानम, माझ्या उस्तादला विचारतो आणि शनिवारी येतो. तो गेला तो गेलाच! फोनही बंद. तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना सांगतेय मी, त्या लबाडाला दारात उभं करू नका."

तोवर मी करवतीने पेटीची एक बाजू कापून काढली होती. आत बॅटरी मारली आणि शिडीवर तसाच उभा राहिलो.

प्रत्येक जोडावर हिरव्या रंगाचा एक ठिपका होता.

आख्ख्या शहरात असा ठिपका लावणारा एकच माणूस होता. जोड घट्ट बसला की डबीत काडी बुडवायची आणि ठिपका द्यायचा, म्हणजे काय झालं, काय राहिलं, ते कळतं. मी त्याला हिणवायचो, "पाइपाला सुरमा घालतोस काय रे?" तो हसायचा आणि पुढचा ठिपका लावायचा. आयदीन. माझा मुलगा.

आमचं बिनसलं तेव्हा त्याने वेगळं दुकान काढलं. महिन्याभरात शेपूट घालून परत येईल, असं मी बाजारात सांगत फिरलो. तो आला नाही. अकरा महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, त्याचा फोन आला. दुकानात चार माणसं बसली होती.

"बाबा, एक विचारायचं होतं. एका ठिकाणी हवा अडकलीय."

"हवा तुझ्या डोक्यात गेलीये," मी म्हणालो. "ती आधी काढ, मग मला फोन कर."

चौघे खो खो हसले. मला बरं वाटलं. तो फक्त "बरं, बाबा," म्हणाला.

शुक्रवारी अहरच्या घाटात त्याची गाडी बर्फावरून घसरली. शनिवारी आम्ही त्याला मातीत ठेवलं. त्याची कुठली कामं अर्धी राहिली, ते मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे कामं आहेत हे मिरवायलाच त्याने फोन केला होता, अशी आठ वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो. तसं मानलं की रात्री झोप लागायची.

मी बॅटरी आणखी वर नेली. वळणाच्या अगदी माथ्यावर त्याने एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला होता. टीचं वरचं तोंड बूच लावून बंद केलं होतं. अडकलेली हवा सोडायची तोटी बसते ती नेमकी तिथेच. त्या बुचावर तेवढा ठिपका नव्हता. ते काम राहिलेलं होतं.

माझं पोर चुकलं नव्हतं. उत्तर त्याला सापडलं होतं. माझ्या तोंडून फक्त एक 'हो' हवं होतं त्याला, आणि मी तेवढंही दिलं नाही.

"उस्ताद? चक्कर आली का?" खालून खानमनी विचारलं. "अहो, उपटून टाका ते सगळं! नवं घाला."

"नाही," मी म्हणालो. "आठ वर्षांत एक जोड गळलेला नाही, खानम. असं काम उपटत नसतात."

पाणी बंद केलं. बूच काढलं आणि खिशात टाकलं. तोटीच्या आट्यांना तागाचे धागे गुंडाळले, ती टीवर बसवली आणि पाणी सोडलं. तोटी उघडली तशी हवा कितीतरी वेळ फुसफुसत राहिली. मग पाणी थुंकीसारखं उडालं, मग सरळ धार लागली. दहा मिनिटांत रेडिएटर टकटक करू लागला.

खानमनी त्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांचे डोळे भरून आले. "तुमचे हात दुखू नयेत, उस्ताद," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे आभार असेच मानतात. त्यावर 'तुमचं डोकं दुखू नये' म्हणायचं असतं. मी वेगळंच बोललो.

"तो लबाड नव्हता, खानम. त्याने उस्तादला विचारलं होतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"उस्ताद मीच. बापही मीच. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी घाटात गेली. शनिवारी यायला तो उरलाच नाही."

खानमनी एका हाताने दुसऱ्या हातावर चापट मारून घेतली. "माती पडो माझ्या तोंडात! आणि मी आठ वर्षं त्याचे हात..."

"मीही आज गाढव म्हटलंच की त्याला."

मग खानमनी वर, दारावरच्या त्या उघड्या पाइपाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझे हात दुखू नयेत, बाळा."

मी तोंड फिरवून हत्यारं गोळा करू लागलो. पिशवी बांधली, आणि पुन्हा खाली ठेवली.

"खानम, घरात थोडा हिरवा रंग सापडेल का?"

खिडकीच्या गजांना लावलेल्या रंगाचा डबा त्यांनी माळ्यावरून काढून दिला. वर साय धरली होती, ती मी आगकाडीने फोडली. शिडीवर चढलो आणि तोटीच्या जोडावर एक ठिपका लावला. तो जरा ओघळला. आयदीनचा एकही कधी ओघळलेला नव्हता.