खुंटीवरचं शिसं

मी किरण अडवणारा शिशाचा एप्रन बोलतोय. एक्स-रेच्या खोलीत दारामागे माझी खुंटी आहे. मी मात्र बहुतेक वेळा घडी होऊन खुर्चीवर पडलेला असतो आणि माझ्यावर मामा बसलेले असतात. मामा इथले जुने मदतनीस.

माझा जन्मच हाणामारीतला. एका म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटात लोखंडाला कणांचा मार बसत राहिला. एकेक कण आत घुसे, तसं ते जड होत जाई. मार खाऊन खाऊन पुढे जायला वाटच उरली नाही, तेव्हा झालं शिसं. मग तो तारा फुगला आणि पोटातलं सगळं ओकत मेला. थोडं माझ्या वाट्याला उडालं, बाकी शेजारच्या जोडीदार ताऱ्याच्या अंगावर. अशा ताऱ्यांकडे बघून जाणकार विचारतात, एवढं शिसं याच्यात आलं कुठून? अहो, त्याचं नाहीच ते. जोडीदाराचं आहे. लग्न झालेल्यांना हे चटकन कळतं.

पुढे पृथ्वीवर मला खाणीत फोडलं, भट्टीत वितळवलं, लाटून रबरात शिवलं. कामाला लागलो ते इथे.

फोटो काढणारी मुलगी नव्या लग्नाची. हल्ली माझे बंद सैल बांधायची आणि पोटावर हात ठेवून उभी राहायची. माझ्या कमरेला, बरोबर त्याच जागी, घडीने आतून भेग पडली होती, आणि भेगेतून किरण आत शिरतात. वरून काही दिसत नव्हतं. सांगणार कसं?

आज दुपारी दोन भाऊ आले. धाकट्याने थोरल्याचा हात पहारीने मोडला होता. थोरला टेबलावर शिव्या देत लाथा झाडत होता.

"एप्रन घाल आणि धर त्याला," मामा म्हणाले. "बटण मी दाबतो."

तिने मला चढवलं, पुढे झाली, आणि थोरल्याची लाथ थेट माझ्या कमरेवर बसली. मुलगी भिंतीवर आदळली. आतली भेग टरकन वाढली.

तिने श्वास घेतला. मग मला उतरवून धाकट्याच्या गळ्यात घातलं.

"तू मोडलास ना? आता तूच धर."

"तो मला मारेल, ताई."

"मारू दे. त्याचा एक हात तर मोडलाच आहेस."

थोरला हसला की रडला, कळलं नाही. पण लाथा थांबल्या.

ते गेल्यावर मामांनी सवयीने माझी घडी घातली.

"मामा, ती चादर नाही," ती म्हणाली. तिने मला टेबलावर पसरून माझाच फोटो काढला. पांढऱ्याशुभ्र शिशात आडवी काळी भेग उठली.  तिचा हात पोटाकडे गेला.

मामांचा चेहरा उतरला. "घरी सांगितलंस?"

"नवऱ्यालाही नाही अजून."

"आज सांग," मामा खुर्चीवरून उठत म्हणाले. "आणि आता कुणाला धरायचं नाही तू."

उद्या मी भंगारात जाईन. भट्टीची भीती नाही, त्याहून मोठ्या आगीतून आलोय. माझ्या जागी नवा येईल. तोही ताऱ्यांचा मार खाऊन आलेला असेल. त्याच्यावर बसू नका. दारामागे खुंटी आहे.