असाहेलचा ताप उतरला

वाटीच्या तळाला लापशीचा एक कणही उरला नव्हता. रेव्हरंड एनॉक स्पॉल्डिंग त्या वाटीकडे पाहतच राहिले… काल दुपारपर्यंत ज्याच्या घशाखाली चमचाभर पाणी उतरत नव्हतं, त्या पोरानं मक्याची लापशी चाटूनपुसून खाल्ली होती.

"ताप उतरला हो!" त्यांची बायको ड्रुसिला म्हणाली. एकोणीस दिवस त्याच्या उशाशी बसून तिचे डोळे खोल गेले होते. "देवानं तुमचं गाऱ्हाणं ऐकलं."

"हो," ते म्हणाले. ऐकलं… पण कुठलं?

कारण असाहेलच्या अंत्यविधीचं प्रवचन तयार होतं. मंगळवारीच लिहून झालं होतं, आणि खोटं कशाला बोला, गेल्या दहा वर्षांत त्यांना असं साधलं नव्हतं. ओहायोच्या या रानात झाडं तोडून त्यांनी कॉलेज उभं केलं — ओंडक्यांची एक खोली, बारा विद्यार्थी. ती खोली खोलीच राहिली असती, पण चौथ्या वर्षी त्या बारांतला चॉन्सी रूट तापानं गेला. त्याच्या शवपेटीपाशी अकराच्या अकरा दांडगी पोरं हुंदके देत गुडघ्यांवर आली, ख्रिस्ताला शरण गेली. बातमी गावोगावच्या चर्चमधून पसरली आणि हिवाळ्याआधी आयांनी आपापले मुलगे धाडले — साठ! विटांचे दोन मजले चढले, एका पोराच्या मरणावर. आता पुन्हा पंधराच उरलेत, त्यांतले निम्मे लपून पत्ते कुटतात, आणि मे महिन्यात धर्मसभा विचारणार, यंदा जागृती झाली का, किती पोरं ख्रिस्ताला शरण गेली? नसेल तर दाराला कुलूप. नदीपलीकडच्या बॅप्टिस्ट पंथाच्या कॉलेजात गेल्या हिवाळ्यात दोघं विद्यार्थी तापानं गेले. दोघं! नशीबच फळफळलं त्यांचं.

मी याचं मरण मागितलं नाही. मी फक्त म्हणालो, प्रभू, तुझी इच्छा… आणि असाहेल पीक म्हणजे विधवेचा एकुलता, सगळ्यांचा लाडका. याहून काय हवं होतं?

"सर," असाहेल फुटलेल्या ओठांनी हसला, "बाई म्हणाल्या, तुम्ही रोज माझ्यासाठी गुडघे टेकत होतात. बघा तुम्ही, कॉलेजचं नाव काढीन मी."

ते तू कालच काढलं असतंस, बाळा.

त्यांना राग आला, त्या पोराच्या भुकेचा. मग शरमही वाटली. पण राग आधी आला होता.

"आणखी आणते हं," म्हणत ड्रुसिला उठली आणि खाटेचा खांब धरून तशीच उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही हो. सकाळपासून डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. जागरणं, दुसरं काय!"

असाहेलचं दुखणं अस्संच सुरू झालं होतं. पोरं हिला आई मानतात, त्यांच्या मनात आलं… पंधराच्या पंधरा, ते पत्ते कुटणारेसुद्धा… मनाला त्यांनी तिथंच आवरायला हवं होतं. त्यांनी आवरलं नाही.

"तू जरा पड जा," तिच्या कपाळावर हात ठेवत ते म्हणाले. कपाळ चांगलंच तापलं होतं. आवाज इतका मायेचा निघाला की ड्रुसिला लाजली.

"अहो, पोरासमोर काय हे!"

त्यांना हात काढवेना. किती दिवसांनी आज त्यांना हलकं वाटत होतं.