सात मिलिमीटर

“माणूस खुर्चीत बसला म्हणजे त्याची मान बसली असं नाही. मानेला तिचा वेळ दे. आणि माप दोनदा घे. पहिलं हाताने, दुसरं देवाला स्मरून.”

हे सांगणारे तिचे वरिष्ठ जाऊन अकरा वर्षे झाली होती. तरी एक्स-रे विभागाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ती पडदा उजळायची, तेव्हा ते शेजारच्या स्टुलावर बसले आहेत असेच तिला वाटे. बाहेर भर दुपार असली तरी त्या खोलीत कायमची पहाट असायची. धुक्यातून वर येणाऱ्या पायऱ्यांसारखे मणके, आणि त्यांच्यावर टेकलेली फिकट, मोठी कवटी.

काम सांगायला सोपे होते. मानेचा बाजूने काढलेला फोटो घ्यायचा आणि कवटीच्या मागच्या कडेपासून मानेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतचे अंतर मोजायचे. ज्यांचा डोक्याखालचा सांधा सैल झालेला असे, त्यांचे डोके सर्जनसाहेब सळ्या आणि स्क्रूंनी मानेला कायमचे जखडत. कोणत्या मापाला जखडायचे, ते तिच्या आकड्यावरून ठरे. त्यानंतर ती मान ना होकार देणार, ना नकार.

विभागात तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होते, आणि फूटपट्टीने कधी कुणाचे वाईट केलेले नाही, असे तिचे मत होते. दुसरे माप झाल्याशिवाय पाणी प्यायचे नाही, हा तिचा रोजचा नेम. एवढासाच नेम, पण तो कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी फार गर्दी झाली. फोटोसाठी आलेल्यांत एक म्हातारे रफूवाले बाबा होते. त्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून तिने त्यांचा पहिलाच आकडा वर पाठवून दिला. अठ्ठावीस मिलिमीटर. दुपारी खोलीत शांतता झाल्यावर तिने देवाचे नाव घेऊन दुसरे माप घेतले. पुन्हा अठ्ठावीसच. आता पाणी प्यायला हरकत नव्हती. पण भांड्याकडे गेलेला हात थबकला.

तिने बाबांचा सहा महिन्यांपूर्वीचा फोटो बाहेर काढला. हातांना मुंग्या येतात म्हणून ते पहिल्यांदा आले होते, तेव्हाचा. त्यात अंतर होते एकवीस.

आजार वाढला की कवटी मानेवर खाली बसत जाते, फट मिटत जाते. ही तर सात मिलिमीटरने रुंदावली होती. ती पडद्याकडे बघत राहिली. धुक्यातली ती कवटी किंचित पुढे झुकली होती, जणू कुणी मांडीवरचे काही निरखत बसले आहे. आणि तिला कळले.

वॉर्डात बाबा गळ्यात कडक पट्टा घालून टेकून बसले होते. मान हलवता येत नव्हती, पण बोटे उशीच्या अभ्र्याची फाटकी कड चाचपत धाग्याने धागा भरत होती. दवाखान्यात सगळ्यांना टाके घालतात, अभ्रे तेवढे उघडे ठेवतात, असे ते लेकीला सांगत होते. लेक हसू दाबत होती.

एक्स-रे विभागातून आलेली ती कॉटच्या कडेला बसली. “बाबा, सकाळी मी सरळ बघा म्हटलं, तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?”

बोटे थांबली. “गुडघ्याकडे,” ते म्हणाले. “जरासंच.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. फोटोत डोके जसे असते तसेच बसवतात, असे शेजारच्या कॉटवरच्या माणसाने त्यांना सांगितले होते. पन्नास वर्षे ते मांडीवरच्या कापडाकडे बघत आले होते. मान गोठणारच असेल तर कामावर गोठू दे, असा त्यांचा हिशेब.

“काय हो हे बाबा, लहान मुलासारखं,” लेक म्हणाली. “आणि मलाही नाही सांगितलंत.”

“तुला सांगितलं असतं तर वॉर्डभर झालं असतं.”

तिने पेल्यात पाणी ओतून लेकीच्या हातात दिले आणि हनुवटी छातीला टेकवून प्यायला सांगितले. लेकीने पिऊन पाहिले. घोट अडखळत उतरला, डोळ्यांत पाणी आले.

“मान वाकलेली बसली तर आतली वाट दबते,” ती हळू आवाजात म्हणाली. “प्रत्येक घासाला, प्रत्येक घोटाला असंच होईल. कधी श्वासालाही. आणि मग परत सरळ करता येणार नाही.”

बाबांनी अभ्र्याच्या कडेवरून बोट फिरवले. “आणि सरळ बसवली तर मांडी दिसणार नाही.”

“नाही दिसणार.” तिला खोटे बोलवेना. “समोरचं माणूस दिसेल.”

“माणसातलं मला काय कळतंय? मला कापड कळतं.”

खिडकीतून आलेला उजेड अभ्र्यावर पडला होता. भरलेली कड कुठली ते ओळखू येत नव्हते. ती त्या पांढऱ्यावर नजर लावून बसली, आणि शब्द कुणी दुसऱ्यानेच तोंडी घालावेत तसे आले.

“मान खाली जाणार नाही, तर कापड वर आणू. डोळ्यांसमोर उभी राहील अशी चौकट. तुम्ही घरी जायच्या आत मी करवून घेते.”

“शब्द देतेस? रफूवाल्याला देते आहेस, पोरी. सुटलेला धागा मला लगेच दिसतो.”

“देते, बाबा.”

ती सर्जनसाहेबांकडे गेली आणि आपला आकडा चुकला, दुसरे माप न घेताच पाठवला, असे सांगितले. ते रागावले. मग बाबांना पुन्हा फोटोसाठी आणवून तिच्याबरोबर खाली आले आणि बाबांचा पट्टा त्यांनी स्वतः सैल केला.

या वेळी ती सरळ बघा म्हणालीच नाही. हातून झालेले सगळ्यात बारीक काम कोणते, एवढेच तिने विचारले. बाबा सांगू लागले. एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आली होती, नवरा गेलेला. कोपरावरचे भोक त्यांनी असे भरले की तिला जागा सापडेना. ती खूश होईल असे त्यांना वाटले होते. पण ती कोट उलटसुलट करीत रडायलाच लागली. ते भोक त्याच्या कोपराचे होते. सांगता सांगता बाबा थांबले. समोरच्या कोऱ्या भिंतीवर तो कोट टांगलेला असावा तशी त्यांची नजर तिथे स्थिरावली. खांदे उतरले. मान आपल्या जागी आली.

तिने बटण दाबले. एकवीस. पुन्हा मोजले, एकवीस. मग ती पाणी प्यायली.

संध्याकाळी तिने टेपने त्यांच्या डोळ्यांपासून बोटांपर्यंतचे अंतर घेतले आणि कागदावर लिहिले. तेही दोनदा.

सकाळी त्यांना शस्त्रक्रियेसाठी आत नेले. लेक दाराबाहेरच्या बाकावर बसली. ती थोडा वेळ लेकीजवळ उभी राहिली, मग अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवून निघाली. जिन्यात तिने मान खाली घालून आपली पावले पाहिली, एकेक पायरी उतरताना. खालचा दरवाजा ढकलला, कागद मुठीत धरला आणि रस्ता ओलांडून ती सुताराच्या दुकानाकडे चालू लागली.