पहिल्या पानावरचं नाव

एखाद्या अ‍ॅपमध्ये माणसं कुठे अडतात आणि का अडतात, हे खोदून काढायचं काम चारुताकडे होतं. मुलगी वर्ध्याची, बाप शाळामास्तर, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड घरूनच आलेली. नागपूरच्या कंपनीत त्याच खोडीचा पगार मिळतो म्हटल्यावर तर तिने ताळच सोडला होता.

या वेळी काम होतं एका धर्मादाय दवाखान्याच्या अ‍ॅपचं. अ‍ॅप जुनं, आत सगळी कोंबाकोंबी. खातं कुटुंबप्रमुखाच्या नावाने आणि बाकीचं घर त्याच्या पोटात. उघडलं की वर प्रमुखाला नमस्कार, शेजारी कर्ण्याचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की अ‍ॅप नमस्काराची ओळ बोलून दाखवायचं. नवं अ‍ॅप कंपनीतला राजस बांधणार होता आणि त्याला ते बटण डोळ्यांसमोर नको होतं.

"कोणी वापरत नाही ते," तो म्हणाला. "पवनारचा एक फोन सोडला तर. तो रोज सकाळी चार-पाचदा बटण दाबतो आणि बंद होतो. पुढे जातच नाही."

"म्हणजे माणूस अडकलाय. आत जायचा रस्ता सापडत नाही त्याला."

"मग जाऊन बघ. अडकला असेल तर रस्ता सुधारू. नुसता चाळा असेल तर बटण जाईल."

दवाखान्याने फोन करून घरच्यांची परवानगी घेतली आणि चारुता वर्ध्याहून बस पकडून पवनारला उतरली. अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला निघाल्याचा आव तिच्या चालण्यातच होता.

फोन निघाला मनकर्णाबाईंचा. सत्तरीच्या, काटक, ओसरीवर चटई टाकून वाट बघत बसलेल्या. सून छाया दाराशी उभी. चारुताने चटईवर चिठ्ठ्या पसरल्या. एकेका चिठ्ठीवर अ‍ॅपमधली एकेक गोष्ट लिहिली होती.

"मावशी, स्वयंपाकघरात डबे लावता तशा लावा. जे एकत्र शोधाल ते एकत्र ठेवा."

मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि बघता बघता चिठ्ठ्या लावल्या. औषधं आणि साखरेची तपासणी एकीकडे, डॉक्टरची वेळ दुसरीकडे. मग एक कोरी चिठ्ठी मागून घेतली.

"याच्यावर बस लिही. डाक्टर भेटला आन बस नाई भेटली, त मी काय तिथंच राहू?"

चारुता खूश झाली, आणि तितकीच बुचकळ्यात पडली. ही बाई रस्ता चुकणाऱ्यांतली नव्हती. मग रोज सकाळी उंबऱ्यावरून परत का फिरत होती?

"आता अ‍ॅप उघडा. जे दिसेल ते मोठ्याने वाचत चला."

मनकर्णाबाई बोट ठेवून वाचू लागल्या. "तपासनीची वेळ. औषधं. घरातले लोक." वाचन स्वच्छ होतं, पण सगळ्यांत वरची ओळ त्यांनी गाळली. चारुताने वहीत टिपलं, 'पहिली ओळ नजरेतून सुटते.' तिने अक्षरं मोठी करून दिली. ओळ पुन्हा गाळली गेली. तिने आणखी मोठी केली, इतकी, की नमस्काराखेरीज पडद्यावर दुसरं काही मावेना.

"आता दिसतं का, मावशी?"

"दिसते न बाई. आंधळी थोडीच हावो मी?"

"मग वाचा ना."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खुदुखुदु हसू लागल्या. दाराशी छायालाही हसू आवरेना.

"मॅडम, काऊन त्रास देता त्यायले? मामाजीचं, माह्या सासऱ्याचं नाव हाय ते. आई नाई घेत."

चारुताचे कान तापले. तिच्या स्वतःच्या आजीने अख्खा संसार 'अहो' आणि 'ऐकलं का' यांवर रेटला होता. एवढं घरचं ठाऊक असून ती वहीत नजरेचा दोष लिहून बसली होती! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मामाजी कुठे असतात?" तिने सावरून विचारलं.

"वारले. पोळ्याच्या आधी," छाया म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ओसरीवर दोघीच उरल्या. चारुताने आवाज खाली आणला.

"मावशी, मग रोज सकाळी ते बटण…?"

मनकर्णाबाईंनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं. मग फोन हातात घेऊन बटण दाबलं. "नमस्कार, रूपराव," फोन म्हणाला.

"पोरं बाबा म्हनत. हे छाया मामाजी म्हनते. गावातले भाऊ म्हनत. त्यायचं नाव घेनारी त्यायची माय होती, ते त कवाचीच गेली. आता हाच एक घेते." त्यांनी फोनवरून अंगठा फिरवला. "जल्मभर 'अवो, जेवाले चला' म्हटलं म्या. ते गेले तवा वाटलं, एकदा तरी नावानं हाक मारून पाहाले पाह्यजे होती. आता जीभच नाई उचलत. याद येते लय."

चारुताला रडू येत होतं, आणि तिला हेही ठाऊक होतं की हे नाव इथून काढावं लागणार. मृत माणसाच्या खात्यात मनकर्णाबाईंच्या साखरेची तपासणी तीन दारं आत पडून होती. त्या नमस्कार ऐकून परत फिरत होत्या आणि तपासणीची तारीख कधीच उलटून गेली होती.

तिने ते लपवलं नाही. "मावशी, नव्या अ‍ॅपमध्ये ज्याचं त्याचं खातं राहील. तुमच्या फोनवर तुमचं नाव येईल. त्यांचं निघेल."

"निघनच काय?"

"हो. बटण मात्र मी काढू देणार नाही."

"माह्या नावाचं बटन मले काय कामाचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "माहं नाव त तेही नाई घेत. 'अंकुशची माय' म्हनत, नाई त नुसतं खाकरत. दवाखान्यात विचारलं तवा त्यायले घडीभर आठवलंच नाई."

चारुताने आपला फोन काढला. नव्या अ‍ॅपचा कच्चा नमुना त्यात होता. तिने नाव टाकलं, आवाजांच्या यादीतून पुरुषाचा आवाज निवडला आणि फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. मनकर्णाबाईंनी जरा बिचकतच बटण दाबलं.

"नमस्कार, मनकर्णा."

त्या दचकल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी पुन्हा दाबलं. फोनने पुन्हा तेच म्हटलं, न खाकरता, स्पष्ट. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलं, ऐकलं, आणि फोनकडे न बघता समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघून हळूच म्हणाल्या,

"नमस्कार, रूपराव."

चहा घेऊन आलेली छाया कपांसकट दारातच थांबली.