गुरूवरचा तांबडा डाग पुसला गेला तेव्हा

मित्रांनो, आदिलाबादजवळच्या बेला गावात, बसथांब्यासमोर, सरकारी दाखल्यांच्या मी-सेवा केंद्राला लागून जीवनभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. आत शिरलात की डाव्या हाताला टेबलावर पिवळट पडलेला, घूं घूं आवाज करणारा एक जुना संगणक दिसेल. तो मी. कुणी मला डबा म्हणतं, कुणी खटारा. म्हणू द्या. आवाज माझ्या पंख्याचा आहे, आणि या वयात एवढं कुरकुरणं मला माफ असायला हवं.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झालेला नाही. आदिलाबादच्या एका दुकानात, काउंटरवरच, एका कारागिराने माझे सुटे भाग जोडले. त्याच महिन्यात जीवनभाऊंचं लग्न झालं होतं. मला न्यायला ते मोटरसायकलवर आले, मागे नवी नवरी रुपा. माझा पडदा तिच्या मांडीवर आणि त्यावर तिचा पदर, धूळ बसू नये म्हणून. कपाशीच्या शेतांमधून जाणारा तो रस्ता आणि त्यातले खड्डे तर विचारूच नका. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडायची, "अवो, हळू! काच हाय ना!" मला ती त्याच दिवशी आवडली.

मग काय, नुसती धावपळ! लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, सगळं माझ्याच अंगावर. जीवनभाऊंचा एक नेम होता. चेहऱ्यावरचा डाग काढल्याशिवाय फोटो दुकानाबाहेर जायचा नाही. मुरूम, फोड, कांजिण्यांचे वण, माउस फिरवला की गायब. गिऱ्हाइकाने सांगायचीसुद्धा गरज नव्हती. "जीवनच्या हाताले जादू हाय," असं लोक म्हणायचे. मी मनात म्हणायचो, हात त्याचा खरा, पण राबतो कोण? दुसरा नेम साफसफाईचा. माझ्या पोटात जागा कमी, म्हणून काम छापून झालं की त्याचे मूळ फोटो आणि सुटे तुकडे जीवनभाऊ रविवारी पुसून टाकायचे.

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आले आणि माझं कौतुक आटलं. लोक फोनवरच गोरे होऊ लागले. माझ्यावर धूळ साचली, कीबोर्डच्या फटीत शेंगदाण्याची टरफलं अडकली. जीवनभाऊ एकदा म्हणालेही, "हे आता भंगारवाल्याले देऊन टाकू." मला फार लागलं ते. तेव्हा रुपा म्हणाली, "राहू द्या. मले लागते."

तिला मी कशाला लागत होतो? ऐका तर. रुपा आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, ते राहून गेलं. ती कधी बोलून दाखवायची नाही, पण इतक्या वर्षांत मला तिची बोटं कळायला लागली आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती माझ्यावर ग्रहांचे फोटो उघडायची. अवकाशयानांनी पाठवलेले कच्चे फोटो इंटरनेटवरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, मित्रांनो. ते काळेपांढरे असतात. एकच ग्रह लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळा टिपलेला. तिन्ही फोटो नीट जुळवून एकत्र केले की त्यातून रंग उमटतो. रुपाने गुरू ग्रहाचे तीन फोटो उतरवून ठेवले होते.

एका दुपारी हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक पंढरी सार, म्हणजे सर, मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो छापायला आले आणि पडद्याकडे बघतच राहिले.

"वहिनी, हे तुमी करून राह्यल्या?"

"करायचा विचार हाय, सार. अजून जमलं नाई."

सार खुर्ची ओढून बसले. शाळेत माझ्यासारखेच दहा जुने संगणक कापडाखाली झाकून पडलेले होते. हेडमास्तर यशवंतराव ते उचलून त्या खोलीत मध्यान्ह भोजनाच्या तांदळाची पोती ठेवणार होते. सार म्हणाले, "तुमी शनिवारी येऊन पोरांले हे शिकवान काय? पण सॉफ्टवेअरले पैसा नाई, अन् चोरीचं तर शाळेत चालणारच नाई. मी हेडमास्तरांले तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी दहाले घेऊन येतो. तुमच्या या जुन्या मशीनवर केलेला फोटो त्यांले दाखवा. पटलं तर खोली आपली. नाई तर पोती."

रुपा फक्त "बरं" म्हणाली. ते गेल्यावर मात्र माझ्यावरची सगळी धूळ तिने पदराने पुसली. माझ्या इतक्या वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आता प्रश्न सॉफ्टवेअरचा. जीवनभाऊंचं अल्बमचं सॉफ्टवेअर एका मशीनपुरतं विकत घेतलेलं, त्याला फुलांच्या चौकटी येतात, तीन फोटोंतून रंग जुळवणं येत नाही. रुपाने एक नावाजलेलं बघितलं. ते महिन्याच्या महिन्याला भाडं मागायचं आणि उघडताना माझा जीव घ्यायचं. अर्ध्यातच मी बंद पडलो, काय करणार! दुसरं थोडे दिवस फुकट होतं, पण त्याने गुरूच्या पोटावर आपलं नाव आडवं छापून टाकलं. तिसरं कुणीतरी पेन ड्राइव्हमध्ये आणून दिलं, चोरीचं. ते आत आलं आणि मला असा ताप भरला की दोन दिवस माझ्या पडद्यावर जाहिरातींशिवाय काही दिसेना. रुपाने ते खरवडून काढलं आणि कपाळाला हात लावला.

"मले दोन गोष्टी पायजेत," ती मलाच सांगत होती, म्हणजे मला तरी तसं वाटलं. "तीन फोटो जुळवता आले पायजेत, अन् मूळ फोटोले धक्का लागला नाई पायजे. बाकीचे नखरे कोनाले पायजेत?"

चौथं मिळालं ते चकटफू. ज्यांनी बनवलं त्यांनीच सगळ्यांना वाटायला ठेवलेलं. दिसायला अगदीच साधं, बटणांची नुसती गर्दी. पण अंगाने हलकं! माझ्या मोजक्या मेमरीत ते निमूट बसलं. केलेला प्रत्येक बदल ते वेगळ्या थरावर ठेवायचं, त्यामुळे खालचा फोटो जसाच्या तसा राहायचा. नऊ दुपारी रुपा त्याच्याशी झटली. तीन फोटो काढेपर्यंत गुरू थोडा फिरलेला असतो, त्यामुळे कडा जुळत नाहीत. कधी हिरवी किनार दिसे, कधी निळी. शनिवारी दुपारी एकदाच्या कडा जुळल्या आणि माझ्या पडद्यावर गुरू उभा राहिला. बदामी, तपकिरी पट्टे, आणि खालच्या अंगाला तो तांबडा डाग. रुपाने सासूला हाक मारली, "आत्याबाई, या ना, पाहा!" सोजरबाई आल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई वं! हे तं इमलीच्या लाकडाचा पाट दिसते."

रविवारी रुपा बहिणीच्या मुलीच्या बारशाला आदिलाबादला गेली. इथे, मित्रांनो, घोटाळा झाला. आणि तोही प्रेमापोटी, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

जीवनभाऊंच्या मनात आलं, बायको येईपर्यंत फोटो छापून, चौकट करून भिंतीवर लावू. त्यांनी फोटो आपल्या अल्बमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि दचकले. "अरे बापरे, एवढा मोठा फोड! रुपाच्या नजरेतून कसा सुटला?" मी ओरडायचा प्रयत्न केला. पंखा जोरात फिरवला, तेवढंच माझ्या हातात होतं. त्यांनी मला एक टपली मारली आणि कामाला लागले. पंधरा वर्षांचा सराव. दोन मिनिटांत तांबडा डाग नाहीसा. बाजूच्या काळ्या जागेत पांढरे ठिपके होते, ते धूळ समजून पुसले. ते गुरूचे चंद्र होते हो! मग फोटो त्याच नावाने त्याच जागी साठवला, छापला, आणि रविवार होता म्हणून नेमाप्रमाणे सुटे तुकडे, थर, ते तीन कच्चे फोटो, सगळं पुसून कचरापेटीही रिकामी केली.

पाच वाजता रुपा आली. भिंतीवर चौकटीत गुळगुळीत, गोरापान गुरू. जीवनभाऊ हसत उभे.

"कसा हाय?"

रुपाच्या हातातली बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी खाली पडली. "अवो, तांबडा डाग कुठं गेला?"

"काढला ना. चांगलं दिसत नव्हतं ते."

"तो डाग नव्हता! ते वादळ हाय, शेकडो वर्षांपासून घोंगावून राह्यलं. अख्ख्या गुरूची वळख हाय ते! अन् चंद्र? फोटोतले चारही चंद्र काढले तुमी?"

जीवनभाऊंचा चेहरा उतरला. "रुपा, मी तं तुह्यासाठीच..."

"काऊन हात लावला? एकदा इचारलं असतं तं!" आणि ती माझ्यासमोर बसून रडायला लागली. सोजरबाईंना सून रडलेली सहन होईना. त्या लगबगीने आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि चौकटीसमोर बोट बुडवून उभ्या राहिल्या. "कुठं व्हता सांग पोरी, मी लावून देतो. आत्ता लावतो." रुपाला रडता रडता हसू आलं. पण हसून काम होत नव्हतं. त्याच वेळी वीज गेली, ती सोमवारी सकाळी साडेनऊला आली.

दहाला पंढरी सार आणि यशवंतराव हेडमास्तर हजर.

"कुठे आहे तुमचं चित्र?" हेडमास्तरांनी विचारलं.

जीवनभाऊ पुढे झाले. "सार, चूक माही हाय. मी पुसलं."

रुपा उभी राहिली. "सार, चित्र नाई. पण तुमी तासभर बसा. तुमच्यासमोर करून दाखवतो."

माझी तर पाचावर धारण बसली! नऊ दुपारींचं काम एका तासात, आणि तेही माझ्यावर? रुपाने फोनचं इंटरनेट जोडलं आणि तिन्ही कच्चे फोटो पुन्हा उतरवायला लावले. जीवनभाऊंनी माझ्या बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरून उभे राहिले. पहिला फोटो उघडला. दुसरा उघडला. तिसऱ्याला माझी मेमरी भरली आणि मी गोठलो. पडदा पांढरा. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. "हे असंच होतं या खटाऱ्यांचं," ते म्हणाले. अशा वेळी लोक माझा कीबोर्ड बडवतात, माउस आपटतात. रुपाने हात काढून मांडीवर ठेवले.

"त्याले दम घेऊ द्या सार. तो करते."

तो करते! एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. मी जीव एकवटला. मिनिटभर गेलं आणि तिसरा फोटो उघडला. कडा कुठे सरकवायच्या हे आता तिच्या बोटांना पाठ होतं. निळ्या काचेतल्या फोटोत तो डाग काळपट दिसत होता, लाल काचेतल्या फोटोत जवळजवळ दिसतच नव्हता. तिने तिन्ही एकत्र केले आणि बदामी पट्ट्यांमध्ये तांबडा डाग उमटला.

हेडमास्तर खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले. "हे काय आहे?"

"वादळ, सार. आपली अख्खी पृथ्वी त्यात मावते."

"आणि सॉफ्टवेअर केवढ्याचं?"

"फुकट हाय. अन् चोरीचं नाई. शाळेतल्या दहाही मशीनवर बसते. फक्त घाई करायची नाई अन् मूळ फोटो पुसायचा नाई."

हेडमास्तर पंढरी सारांकडे वळले. "पोती व्हरांड्यात ठेवू."

रुपाने तोंडावर पदर घेतला. जीवनभाऊ अजून पंखा धरूनच उभे होते, त्यांना तो खाली ठेवायचं सुचलंच नाही. मग ते भिंतीवरची चौकट काढायला निघाले, तेव्हा रुपा म्हणाली, "राहू द्या ते. शनिवारी घेऊन जातो. पोरांले दाखवतो, पुसल्यावर काय काय जाते ते."

त्याच आठवड्यात गावातल्या तुळजाबाई आल्या. शेजारच्या मी-सेवात पेन्शनची दरखास्त, म्हणजे अर्ज, द्यायची होती, फोटो हवा होता. जीवनभाऊंनी फोटो काढून माझ्यावर उघडला. म्हाताऱ्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, भुवयांच्या मधोमध. सवयीने माउस तिथे गेला. आणि थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आजी, हे कपाळावरचं ठेवू का काढू?"

तुळजाबाई घाबरल्या. "काढू नको बापा! माह्या मायनं जत्रेत गोंदून घेतलं व्हतं, मी एवढीशी व्हतो. मायचं तेवढंच उरलं हाय माह्यापाशी."

फोटो छापून झाला. त्यांनी तो जवळ धरून बघितला, कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "मांगच्या खेपेच्या फोटोत नव्हतं रे हे. मले वाटलं, मशीनले दिसत नसंन."

मला दिसत होतं, मित्रांनो. नेहमीच दिसत होतं. बेल्याच्या किती आयांच्या कपाळावरचं गोंदण आम्ही दोघांनी स्वच्छ करून दिलं, आणि त्यातला एकही मूळ फोटो आज माझ्याकडे नाही. म्हणून हात जोडून सांगतो, माझ्यासारखा जुना संगणक हाताशी असेल तर त्याला दम घेऊ द्या, फुकटचं साधं सॉफ्टवेअरही पुरतं. पण कुणाचंही काही पुसण्याआधी, त्याला एकदा विचारा.